तळमजल्याचं बिऱ्हाड

महाडला बदली झाल्याचं कळवलं तेव्हा पुण्याहून नणंदेचा पहिला प्रश्न होता, “वहिनी, घरातून समुद्र दिसेल का हो?”

महाड समुद्रकाठी नाही, हे मी तिला सांगितलं. पण ती अगदीच चुकली असंही म्हणता येत नाही. सावित्रीच्या मुखातून भरतीचं पाणी आत चढतं ते दासगावला वळसा घालून महाडच्या उंबऱ्याशी येतं. पूर्वी इथे गलबतं लागत. आता समुद्र दिसत नाही, फक्त त्याची वेळ सांभाळावी लागते. वरून डोंगराचं पाणी आलं आणि खालून भरती आली, की नदी जायची कुठे, ती गावात शिरते. हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं, कारण मी साताऱ्याची. आमच्याकडे पाणी आलं की लोक नारळ घेऊन बघायला जातात.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. साताऱ्याहून मला महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाठवलं. नवऱ्याचं साताऱ्यात पंपदुरुस्तीचं दुकान आहे, ते हलवण्यासारखं नाही. प्रश्न सासूबाईंचा होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्या वॉकर धरून चालतात. सपाट जमिनीवर छान चालतात, एखादी पायरी हात धरून चढतात, जिना मात्र नाही. मुलगा पंपांच्या कामाने दिवसभर गावोगाव फिरतीवर, म्हणजे त्या राहणार माझ्याकडे किंवा पुण्याला लेकीकडे. लेकीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. लिफ्ट आहे. झटक्यानंतर एक महिना त्या तिथे राहून आल्या होत्या.

“कसं होतं?” मी विचारलं होतं.

“स्वच्छ होतं,” त्या म्हणाल्या. “सकाळी दार लावून जायची ती मंडळी. मी खिडकीतून गाड्यांची टपं मोजायचे. माणूस काय दिसत नाही हो तेवढ्या वरून, नुसती टपं.”

सासूबाईंना दारात बसायला लागतं. येणाऱ्याजाणाऱ्याला “कोण गाव?” विचारलं नाही तर त्यांना दिवस गेल्यासारखा वाटत नाही. मला स्वतःला लोकांची एवढी हौस नाही, पण बाईच्या अंगात जीव कशामुळे राहतो हे मला दिसत होतं. शेवटी घरात असं ठरलं, की गणपतीपर्यंत महाडात त्यांना चालेल असं घर मिळालं तर त्या माझ्याकडे राहतील, नाहीतर पुण्याला. सासूबाईंनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एकदा तिथे गेले ना, की मग मी तिथलीच. मला माहिताय.”

तर घर शोधायचं होतं, आणि शोधेपर्यंत कुठेतरी राहायचं होतं. हा दुसरा प्रश्न लोक हलक्यात घेतात. मीही घेतला. एस.टी. स्टँडजवळ लॉज असतील, त्यातला एक बघू, अशा हिशोबाने मी मार्चमध्ये बॅग घेऊन उतरले, तो नेमका चवदार तळ्याच्या कार्यक्रमाचा आदला दिवस. निळे झेंडे, ट्रक, टेम्पो, लेकराबाळांसकट आलेली माणसं, रस्त्याच्या कडेला पुस्तकांची दुकानं. लॉजवाल्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

“मॅडम, आज? आज महाडात झोपायला जिना पण मिळायचा नाय.”

तेव्हा प्रयोगशाळेतला एक सहकारी मला पोलादपूरला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याची बायको, आई, दोन मुली. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, सरळ ताट वाढलं. दोन दिवस तिथे राहिले. गर्दी ओसरल्यावर लॉजमध्ये खोली मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. मला पुरेशी होती. पण सासूबाईंना तिथे आणता येईना, आणि त्यांना मागे ठेवून मी महिनोन् महिने घर शोधत बसले असते तर पुण्याची मंडळी त्यांना न्यायला तयारच होती.

दुसरी जागा दासगावला होती. नवऱ्याच्या ओळखीच्या माणसाच्या वाडीत तळमजल्यावरची एक खोली, पुढे नारळ, मागे खाडी. मी बघायला गेले. खोली चांगली होती. विजेची बटणं मात्र छताला टेकलेली. खुर्चीवर उभं राहिल्याशिवाय दिवा लागणार नाही.

“एवढ्या वर का?” मी विचारलं.

“असंच,” मालक म्हणाले. “आमच्याकडे पद्धत आहे.”

मला वाटलं वायरमन बिनडोक असेल. सासूबाईंचा हात पोचणार नाही म्हणून मी ती खोली नाकारली. कारण चुकीचं होतं, निर्णय बरोबर ठरला.

तिसरी जागा सहकाऱ्याने सुचवली. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका वाटेवर त्याची मूळ वाडी. तिथे त्याच्या मोठ्या भावाचं घर बंद होतं. भाऊ मुंबईला, मुलं मुंबईला, घराला कुलूप. त्या वाडीत निम्म्या घरांना कुलूपच असतं.

“रहा तुम्ही,” तो म्हणाला. “घर उघडं राहील. नायतर वाळवी खाते. फक्त संध्याकाळी देवाकडे दिवा लावायचा. आणि गणपतीला दादा येणार, तेव्हा घर रिकामं पायजे. गणपती त्याच घरात बसतो.”

इथेही गणपतीच. ठीक, म्हटलं, मुदत एकच राहील.

मी तीनही जागा कागदावर न मांडता मनात तोलल्या. लॉज कामाला जवळ, पण जिना. दासगाव सपाट, पण हात पोचत नाही. वाडी लांब, पण घराच्या पुढे सारवलेलं सपाट खळं, गाडी दारापर्यंत, आणि दारात बसलं की समोरून जाणारी माणसं. मी वाडी निवडली. प्रयोगशाळेतल्या दोघीतिघींना ते वेडेपणाचं वाटलं. “घर महाडात शोधायचं आणि राहायचं डोंगरात?” पण मी घर शोधायला राहत नव्हते. सासूबाईंना सांभाळून घर शोधत होते. दोन्हीत फरक आहे.

एप्रिलमध्ये नवऱ्याने त्यांना घाटातून खाली आणलं. शेजारी सहकाऱ्याची चुलती राहत होती, सासूबाईंच्याच वयाची, एकटी. मुलगे दोघे मुंबईला. ती खळ्यात येऊन उभी राहिली, सासूबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “ह्या घोड्यावर बसून चालतेस होय गो?”

घोडा म्हणजे वॉकर. मी घाबरले. सासूबाईंनी वॉकर ठोकला आणि म्हणाल्या, “ह्याला दाणापाणी लागत नाही, हाच काय तो फायदा.”

तिथून त्यांचं जमलं. मी सकाळी कंपनीच्या बसला जायचे तेव्हा दोघी खळ्यात बसलेल्या, संध्याकाळी आले की तिथेच. दिवा चुलतीच लावून टाकायची. “सूनबाय उशिरा येते, देवाला काय ओव्हरटाइम नाय,” असं तिचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी मी महाडात घरं बघायचे. मला लागत होतं साधंच. तळमजला, दोन खोल्या, दारात रहदारी. असं घर मागितलं की लोक माझ्याकडे जरा थांबून बघत. मग दाखवत. घरं स्वच्छ होती, नुकतीच रंगवलेली. भिंतींना खालून पुरुषभर उंचीपर्यंत तेलरंग, वर साधा चुना. मला ते शोभेचं वाटलं. पाण्याचं मी विचारत होते, एवढी मी अजाण नव्हते. एका मालकाने सांगितलं, “पाणी? आपल्याकडे नाही येत. त्या समोरच्या गल्लीत येतं.” समोरच्या गल्लीत गेले. तिथले म्हणाले, “छे, इथे कुठलं. पाणी सगळं बाजाराकडे जातं.” बाजारातल्या दुकानदाराने हसून नदीकडे बोट केलं. नदीकाठच्या घरमालकाला विचारायचं मी टाळलं. त्याने बहुतेक दासगावचं नाव सांगितलं असतं.

खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आपल्या घरात पुन्हा पाणी येईल असं धरून कोणी रोजचा दिवस काढत नाही.

मे महिन्यात बाजाराच्या मागच्या आळीत एक घर बघितलं. खाली दोन खोल्या, पुढे ओटा, वर मालकीणबाई आणि त्यांची जाऊ. दोघी विधवा, दोघी साठीच्या पुढच्या. मालकीणबाईंचं पूर्वी कापडाचं दुकान होतं. ओटा रुंद, आळीत दिवसभर बाजारहाट करणाऱ्यांची ये-जा. मी मनातल्या मनात सासूबाईंची खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं.

“कोण कोण राहणार?” मालकीणबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

“आजींना चालता येतं?”

“वॉकरने. जिना नाही.”

“मग वर न्यायला तुमच्यात माणसं किती?”

मला प्रश्न कळला नाही. “वर कशाला? खालीच राहणार आहेत त्या.”

“हो, पण न्यायचं झालं तर? पुरुषमाणूस?”

“शनिवार-रविवार येतात. घाट चालू असला तर.”

“आणि बाकीचे दिवस तुम्ही एकट्या.” त्या जागेवरून उठल्या. “मग नाही जमायचं, बाई. दुसरीकडे बघा.”

मी विचारलं, भाड्याचं काही आहे का. त्या म्हणाल्या, भाड्याचं काही नाही. जाऊबाई जिन्यातून खाली वाकून बघत होत्या, त्या म्हणाल्या, “म्हातारं माणूस आम्ही ठेवत नाय खाली.” मी नमस्कार करून बाहेर पडले.

मला राग आला होता. मला वाटलं, आजारी म्हातारी घरात नको, उद्या काही झालं तर निस्तरायला नको. असली माणसं मी साताऱ्यातही पाहिली होती. घरी आल्यावर सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, की घर चांगलं होतं पण बाया विचित्र आहेत. चुलती शेजारी बसली होती. तिने विचारलं, “काय म्हणाल्या?” मी सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली. मला वाटलं, तिलाही वाईट वाटलं.

त्यानंतर मी एक घर जवळपास ठरवलंच होतं. ज्या समोरच्या गल्लीत पाणी येतं असं पहिल्या मालकाने सांगितलं होतं, तिथलंच. मालक गोड बोलणारे. जुलैच्या शेवटी सामान टाकू असं बोलणं झालं.

जुलैत पाऊस लागला तो आठवडाभर थांबेना. घाट बंद झाला. एका दुपारी वाडीत पोलीस पाटील आले आणि घरोघर सांगत गेले, वरची बाजू सुटायची भीती आहे, अंधार पडायच्या आत सगळ्यांनी पोलादपूरच्या शाळेत जायचं. इथे हे नवीन नाही. मागे डोंगर खाली आल्यापासून एवढा पाऊस झाला की नोटीस येते आणि लोक जातात. मी जिन्याला भिऊन डोंगरावर राहायला आले होते, ती आता दरडीला भिऊन खाली चालले होते.

गाडी वाडीपर्यंत येईना. वाटेवर चिखल उतरला होता. वाडीत पुरुष म्हणजे दोन म्हातारे आणि पोलीस पाटील, बाकी सगळे मुंबईला. मी सासूबाईंचा वॉकर घेऊन खळ्यात उभी राहिले आणि ह्यांना रस्त्यापर्यंत न्यायचं कसं याचा विचार करत होते. तेवढ्यात चुलतीने दारातून ओरडून विचारलं, “उचलायची माणसं किती हायत आपल्यात?”

वेगवेगळ्या दारांतून उत्तरं आली. “मी हाय.” “माझी कंबर धरलीय, मी मागनं लागते.” “थोरली सून हाय माझी, ती दोघांच्या बरोबरीची हाय.”

पाचव्या मिनिटाला प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून झाले. कोणी हाक मारून शिकवत नव्हतं. एकीने दोरी आणली, एकीने घोंगडं. सासूबाईंना बसवलं, छातीवरून लुगड्याचा पट्टा घेतला. पुढे दोघी, मागे दोघी, मी बाजूने छत्री धरून. छत्रीचा उपयोग शून्य.

“जड हाय गो तुझी सासू,” पुढची म्हणाली.

“दोन वेळचं खाते मी,” सासूबाई वरून म्हणाल्या. “तू खात नाहीस का?”

“खाते ना. म्हणून तर उचलतेय.”

रस्त्यावर जीप उभी होती. तिथे खुर्ची ठेवल्यावर चुलतीने हात झटकले आणि मला म्हणाली, “महाडच्या त्या बाईनं तुला हेच विचारलान ना? माणसं किती म्हणून?”

“हो.”

“मंग बरोबर विचारलान की. आम्ही पण पहिलं तेच विचारतो. कोण चालतंय, कोण नाय चालत, आणि उचलणारी किती. बाकी सामान गेलं तर जाऊंदे.”

“तेव्हा का नाही सांगितलं मला?”

“तू रागात होतीस. रागात माणसाला काय सांगायचं?”

शाळेत वर्गातले बाक सरकवून जागा केली होती. सासूबाईंना फळ्याखालची कोरडी जागा मिळाली. तीन दिवस आम्ही तिथे होतो. त्या तीन दिवसांत मी वाडीतल्या आणि पोलादपुरातल्या बायकांना महाडच्या घरांबद्दल विचारलं. मी ठरवलेली गल्ली सांगितल्यावर एक म्हातारी म्हणाली, “तिथं? तिथं तर गळ्यापर्यंत येतं.” दुसरी म्हणाली, “तेलरंग कुठपर्यंत लावलाय बघ. तिथपर्यंत येतं. धुवायला बरा पडतो.” दासगावची बटणं एवढी वर का, तेही मला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोड बोलणाऱ्या मालकांना फोन करून घर नको म्हणून सांगितलं. त्यांनी गैरसमज करून घेतला नाही. “हरकत नाही मॅडम,” म्हणाले, “पावसात बरेच लोक नाही म्हणतात. दिवाळीत फोन करा.”

सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता पुणं.”

त्यांनी ते विचारलं नाही, सांगितलं. 

पाऊस उघडल्यावर वाडीत परतलो. डोंगर जागेवर होता. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मी एका रविवारी पुन्हा बाजाराच्या मागच्या आळीत गेले. ओट्यावर चिखलाचा पातळ थर सुकलेला होता. म्हणजे यंदा आळीत पाणी फक्त डोकावून गेलं होतं. दोन्ही जावा ओटा धूत होत्या.

“घर गेलं का?” मी विचारलं.

“कुठे जातंय,” मालकीणबाई म्हणाल्या. “विचारायला येतात, मी विचारते माणसं किती, की निघून जातात. तुमच्यासारख्या.”

मी म्हटलं, मला तेव्हा समजलं नव्हतं.

त्यांनी खराटा टेकवला. मग सांगितलं. मोठ्या पुरात त्यांचे सासरे खालच्या खोलीत होते. झोपून असायचे. नवरे दोघींचे आधीच गेलेले. पाणी पायरीला लागलं तेव्हा दोघींनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत नेलं आणि पुढे जमेना. पुन्हा खाली आणून टेबलावर ठेवलं.

“टेबल तरंगतं,” जाऊबाई म्हणाल्या. “आम्हाला माहीत नव्हतं.”

“मग?”

“मग काय. एकीनं इकडून धरलं, एकीनं तिकडून. पाणी छातीला आलं आणि थांबलं. सकाळपर्यंत धरून उभ्या होतो. वाचले ते. त्यानंतर दोन वर्षं होते. पण खाटेवरून पाय खाली सोडला नाही त्यांनी. जमिनीला पाय लावायचाच नाही म्हणायचे.”

हळहळ दाखवण्याचं काम मला नीट जमत नाही, आणि त्यांना त्याची गरजही दिसली नाही. मी कामाचं बोलले. म्हटलं, पाणी आल्यावर घाईत माणूस उचलायला माणसं मिळत नाहीत हे खरं. पण पाणी यायच्या आधी, कोरड्यात, सावकाश उचलायला मिळतात. बाजारात हमाल आहेत. मृग लागायच्या आधी त्यांना वर न्यायचं, पाऊस संपला की खाली आणायचं. चार महिने वर, आठ महिने खाली. तुमची वरची एखादी खोली त्या चार महिन्यांपुरती मला द्या.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

“मागची खोली आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. “पण तिथे माझे पापड-कुरडयांचे डबे असतात.”

“ते राहूद्यात.”

“राहूद्यात काय. आजी खातील.”

“दात नाहीत त्यांना.”

“मग बरं आहे,” जाऊबाई म्हणाल्या.

मालकीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही कबूल कराल हो. चार महिने वर बसायचंय त्यांना. त्यांना घेऊन या. मी त्यांच्याशी बोलते. त्यांनी हो म्हटलं तर.”

पुढच्या शनिवारी नवरा घाटातून आला. आम्ही सासूबाईंना गाडीतून आळीत नेलं. एक पायरी हात धरून चढून त्या ओट्यावर बसल्या. मी त्यांना वाटेत सगळं सांगितलं होतं आणि त्या गप्प होत्या. गप्प असल्या की त्यांच्या मनात नकार असतो. मालकीणबाई समोर येऊन बसल्या.

“सुनेनं सांगितलं ना?”

“सांगितलं. वर न्यायचं म्हणाली.” सासूबाईंनी आळीकडे पाहिलं. “मला एक सांगा. न्यायला सगळे असतात. खाली आणायला कोण?”

“तेच हमाल.”

“हमाल आणतील हो. पण आणा म्हणणार कोण? सून कामावर. मुलगा घाटापलीकडे. पावसाळा संपला की कामं निघतात, दिवाळी येते. म्हातारी वर आहे, खाते-पिते, बरी आहे, राहूदे अजून एक महिना. असं करत करत माणूस वरचं होतं. पुण्याला तेच होणार होतं माझं.”

नवरा काहीतरी बोलायला गेला. मी त्याला डोळ्याने थांबवलं, कारण बोलणं त्याच्याशी चाललेलं नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, “आजी, माझ्या सासऱ्यांना मी वर नेऊ शकले नाही. तुम्हाला वर ठेवून मला काय मिळायचंय? पाऊस संपला की खोली मला पायजे. दिवाळीचं सामान कुठे ठेवू?”

“म्हणजे दसऱ्याला हाकलणार?”

“चार महिने तुमचं बोलणं ऐकून मी त्याआधीच हाकलेन.”

“दसऱ्याला नाही,” सासूबाई म्हणाल्या. “घट बसायच्या आधी. घट माझ्या घरात बसतात, दुसऱ्याच्या माडीवर नाही बसत.”

“घटाच्या आधी. कबूल.”

“आणि मला खिडकी लागेल. रस्त्याकडची. टपं नाही दिसली पाहिजेत, माणसं दिसली पाहिजेत.”

“पहिला मजला आहे हो. माणसाच्या डोक्यातला कोंडासुद्धा दिसतो.”

सासूबाईंनी वॉकर पुढे ओढला. “तिखट किती खाता तुम्ही?” त्यांनी विचारलं, आणि मी समजले की घर ठरलं.

अडचण एवढीच होती, की पाऊस अजून संपला नव्हता. म्हणजे खालचं घर घेऊनही त्यांना पहिल्या दिवशी थेट वरच जावं लागणार होतं. गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही वाडीतलं घर झाडून, सारवून रिकामं केलं. चुलती जीपपर्यंत आली. सासूबाईंना म्हणाली, “पाणी आलं तर ये गो परत.” सासूबाई म्हणाल्या, “दरड आली तर तू ये.” दोघींनी ते मनापासून म्हटलं असावं, कारण कोणीच हसलं नाही.

बाजारातल्या दोन हमालांनी त्यांना लाकडी खुर्चीसकट वर नेलं. जिना अरुंद, त्यामुळे त्यांची पाठ पुढे आणि तोंड खाली. सगळा जिना त्या माझ्याकडे बघत वर गेल्या. तोंडावर काही नव्हतं. वर गेल्यावर त्यांनी खिडकी कुठे आहे विचारलं.

जवळजवळ महिनाभर मी खाली आणि त्या वर अशा राहिलो. सकाळी मी वर जाऊन त्यांची अंघोळ उरकायचे, जेवण द्यायच्या जाऊबाई. खालचं घर मला मोठं आणि मोकळं वाटत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हेही खरं आहे. सामान मी पुरुषभर उंचीच्या वर लावलं. खाली फक्त जे गेलं तरी चालेल ते. एकदा पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला, आळीतले लोक सवयीने सामान वर चढवायला लागले, मीही गॅसची शेगडी वर नेली. पाणी कोपऱ्यापर्यंत येऊन भरतीबरोबर परत गेलं. सासूबाईंनी ते सगळं खिडकीतून पाहिलं आणि कोण आधी धावलं, कोण नुसतं ओरडलं, याची हकिगत मला सांगितली. मी खाली असून मला ती ठाऊक नव्हती.

नणंदेचा फोन आला, “आईला घेऊन जाऊ का दिवाळीपर्यंत?” मी म्हटलं, त्यांनाच विचार. सासूबाईंनी फोनवर लेकीला सांगितलं, “आता नको. मला घटाच्या आधी खाली उतरायचंय. इथे बोली झालीय.”

भाद्रपद सरत आला, आणि बोलीचं मला कामात लक्षात राहिलं नाही. प्रयोगशाळेत तपासणी चालू होती. एक दिवस संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर मालकीणबाई दोन्ही हमालांना चहा देत होत्या. “तुमची वाट बघणार होते,” त्या म्हणाल्या, “पण ते मोकळे सापडले, म्हटलं उरकून घेऊ.”

सासूबाई ओट्यावर खुर्चीत होत्या. दोन्ही पाय फरशीला टेकलेले. समोरून भाजीची पिशवी घेऊन एक बाई चालली होती. ती थांबून म्हणाली, “नवीन आलात का इथे, आजी?”

“नवीन कसली,” सासूबाई म्हणाल्या. “गणपतीपासून आहे. तुम्ही रोज सहाला जाता आणि येताना रिक्षाने येता. बसा. कोण गाव तुमचं?”